खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली ओम्नी आणि सांगोल्याची कोरडी बॉडी

पाणंदवाट

नमस्कार मंडळी. गेले पाच महिने आमच्या मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) जुन्या ओम्नीचं इंजिन आणि बाकी सगळं दुसऱ्या बॉडीत बसवायचं जे काम चाललं होतं ते परवा संपलं. सुरुवात करताना या कामाबद्दल मराठीत काही वाचायला मिळतंय का ते खूप शोधलं, हाती काही लागलं नाही. म्हणून आठवतंय तोवर सगळं इथे लिहून ठेवतो.

गाडी मारुती ओम्नी, २००७ ची, पाच सीटर, एमपीआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शनवाली). दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी घेतलेली. घर मालवण तालुक्यात, खाडीपासून चालत पाच मिनिटं. आंब्याच्या पेट्या, काजूची पोती, लग्नाचं वऱ्हाड, आजीची दवाखान्याची वारी, सगळं हिनेच केलं. मधले दोन हंगाम तिच्यातून मासळीचे क्रेटही गेले. त्या क्रेटातल्या बर्फाचं खारट पाणी मॅटखाली मुरत राहिलं. मॅट वरून कोरडी दिसायची आणि खाली पत्रा कधीच वाळत नव्हता. मिठाचा गुणच तसा. हवेतला ओलावा ते स्वतःकडे ओढतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही जोडातला पत्रा दमटच राहतो.

गेल्या दिवाळीनंतर कणकवलीहून येताना मागे डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला आणि गाडी त्या अंगावर बसली. मिस्त्री खाली शिरला, बॅटरी मारली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पाटो बरो आसा, बोल्ट बरो आसा. बोल्ट ज्येका धरून होतो तो पत्रोच ऱ्हवलो नाय." स्प्रिंगचा, म्हणजे पाट्याचा, मागचा हँगर (तो बॉडीला अडकवणारा कंस) बॉडीतून फाटून बाहेर आला होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते. वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. ओम्नीत तसं नाही. तळ, सिल (दरवाजाखालची पोकळ पट्टी), चाकांच्या कमानी आणि खाली वेल्ड केलेले आडवे-उभे मेंबर (पोकळ पत्र्याच्या तुळया) मिळूनच सांगाडा होतो. इथला पत्रा गेला म्हणजे हाड गेलं.

दुसऱ्या दिवशी सीट, मॅट सगळं उचकटून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. सरकत्या दरवाजाच्या खालच्या पट्टीत टोक मूठभर आत गेलं. ड्रायव्हरच्या पायाखाली चार थर निघाले: मूळ पत्रा, त्यावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ आणि सगळ्यावर लांबी, म्हणजे पुट्टी. प्रत्येक ठिगळ गंजलेल्या कडेवरच मारलेलं, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकून नवा पत्रा जुन्यापेक्षा लवकर गेलेला. मागच्या सीटच्या पट्ट्याचा नट धरून हलवला तर आजूबाजूचा पत्राही हलला. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. त्याच पट्ट्यावर भरवसा ठेवून माझी मुलं मागे बसत होती.

डेंटरने पासष्ट ते सत्तर हजार सांगितले आणि प्रामाणिकपणे म्हणाला की दोन पावसाळ्यांच्या पुढची खात्री देत नाही. दुसरीकडे इंजिनाचं काम दोनच वर्षांपूर्वी पुरं झालेलं: रिंगा, बेअरिंग, हेड. क्लच प्लेट नवी, गिअरबॉक्स उघडून सील बदललेले, रेडिएटर नवा, टायर नवे. गाडीत जे काही फिरतं ते चांगलं होतं. ज्याच्यात ते बसवलंय तेच गेलं होतं.

तेव्हा ठरवलं की ठिगळं बस झाली. कोरड्या मुलखातली, गंज नसलेली बॉडी आणायची आणि आमचं सगळं तिच्यात बसवायचं.

किनारपट्टीची गाडी बघायचीच नाही हे आधी पक्कं केलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारा वारा. सांगोला, मंगळवेढा, जत या भागात पाचशे-सहाशे मिलिमीटर. दोन महिने फोन, फोटो, तीन फेऱ्या. दोन गाड्या वरून काचेसारख्या होत्या, तरी सोडल्या. एकीत खताची पोती वाहिलेली. पोटॅशचं खत म्हणजे क्षारच, ते पत्र्याला समुद्राइतकंच खातं, आणि मागच्या तळाच्या खोबणींत पांढरी पूड दिसत होती. दुसरीचा पुढचा मेंबर ठोकून सरळ केलेला.

तिसरी सांगोल्याजवळ एका डाळिंबवाल्याकडे मिळाली. २००९ ची, पांढरी, एमपीआय. पाणी संपलेलं कळलं नाही, तशीच चालवली, इंजिन जॅम. दीड वर्ष शेडमध्ये उभी. मॅट काढली तर खाली कारखान्यातला मूळ रंग आणि धूळ. नुसती धूळ! मी तिथेच खाली बसलो आणि हात फिरवत राहिलो. अठ्ठेचाळीस हजारांना घेतली. चौदा फुटी आयशरमध्ये चढवली, बारा हजार भाडं, आणि फोंडा घाटाने घरी आणली.

पुढचं काम प्रतिसादांत लिहितो, एका दमात होणार नाही.

लेथवाला

पाणंदवाट, पहिल्यांदा अभिनंदन. पोटॅशचं निरीक्षण लाखमोलाचं. आमच्या कोल्हापूरकडे लोक बॉडी बघताना फक्त दरवाजे आणि बॉनेटची कड बघतात, तळाला हात कोणी लावत नाही.

पण एक रोखठोक प्रश्न. सांगोल्याच्या गाडीचं इंजिन दुरुस्त केलं असतं तर काम पंधरा दिवसांत संपलं असतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, कामाची माणसं गल्लोगल्ली आहेत, पार्ट अजून मिळतात. एवढी उलथापालथ का केली?

कागदपत्री

माझा प्रश्न त्याहून नाजूक आहे. आता रस्त्यावर नंबर कोणत्या गाडीचा आहे? तुमच्या वडिलांच्या गाडीचा नंबर नव्या बॉडीवर आला असेल तर हा धागा सार्वजनिक ठिकाणी लिहू नका असं मैत्रीने सांगेन.

पाणंदवाट

@लेथवाला, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण हेड उघडल्यावर ते वाकलेलं निघालं, दोन नंबरचा पिस्टन भिंतीला चिकटलेला. बोअर करायचा, पिस्टन घालायचे, हेड बदलायचं, म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी जो खर्च केला तोच परत, आणि आमचं चांगलं इंजिन सडक्या बॉडीत पडून. शिवाय गिअरबॉक्स, मागचा धुरा, ब्रेक, स्टिअरिंग रॅक हे सगळं आमच्याच गाडीचं जास्त चांगलं होतं. दुसरं कारण दादा. ते फार बोलत नाहीत. बॉडी बदलायचं म्हटल्यावर एवढंच विचारलं, "इंजिन आपलांच मां?" मी हो म्हटलं. "मगे गाडी आपलीच."

@कागदपत्री, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. या कामात लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

चॅसी नंबर बॉडीवर ठोकलेला असतो. म्हणजे कायद्याच्या नजरेत बॉडी हीच गाडी. आमचं इंजिन, आमची चाकं, आमच्या सीटा सांगोल्याच्या बॉडीत गेल्या तरी ती गाडी सांगोल्याचीच, एमएच-१३. दादांचा एमएच-०७ नंबर तिला लागत नाही आणि लावायचाही नसतो. मला दोन ठिकाणी सांगण्यात आलं की जुन्या नंबराचा तुकडा कापून नव्या बॉडीवर वेल्ड करून देतो, कोणाला कळणार नाही. मी हात जोडले. चॅसी नंबरशी छेडछाड हा गुन्हा आहे, आणि उद्या अपघात झाला तर विमा, पोलीस, कोर्ट, कुठेच उभं राहता येणार नाही. आयुष्यभर सरळ चाललेल्या माणसाच्या नावावर मी असली गाडी ठेवणार नव्हतो.

म्हणून नुसती बॉडी घेतली नाही. कागदांसकट गाडी घेतली. तिच्या मालकाने २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली होती, आरसी २०२९ पर्यंत चालू. मुदत संपलेली, कर थकलेली किंवा बँकेचा बोजा न उतरवलेली गाडी घेऊ नका, बॉडी कितीही सुंदर असो. सोलापूरच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, गाडी आमच्या नावावर. मग इंजिन बदलण्याची परवानगी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी गाडी विसंगत करता येत नाही. इंजिन त्याच जातीचं असलं तरी नंबर बदलतो, म्हणून तो आरसीवर चढवून घ्यावाच लागतो. आधी अर्ज केला, मग इंजिन हलवलं, मग गाडी तपासणीला नेली. दोन्ही गाड्या घरच्याच नावावर असल्याने इंजिन कुठून आलं हा प्रश्नच आला नाही. तुम्ही करणार असाल तर पाना हातात घेण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन क्रम विचारा.

रंगाचंही तसंच. दादांची गाडी चंदेरी होती. आरसीवर पांढरा, म्हणून पांढराच ठेवला.

कागदपत्री

मनापासून समाधान झालं. विमा कंपनीलाही नव्या इंजिन नंबराचं पत्र द्या आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. हे राहून जातं आणि दावा करताना डोकं वर काढतं.

पाणंदवाट

दिलं. नोंद होऊन आली.

तिसरी_सीट

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. ओम्नीत पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर पत्र्याशिवाय काही नसतं. सुरक्षेचे नवे नियम आले म्हणून २०१९ मध्ये ती बंदच झाली. एवढे कष्ट आणि पैसे वापरलेल्या मारुती ईको व्हॅनमध्ये घातले असते तर? तिच्यातही ७ सीटर मिळायची, २०२२ पर्यंतच्या गाड्यांत इंजिन ११९६ सीसी.

पाणंदवाट

राग कसला? घरातही याच्यावर दोन रात्री बोलणं झालं.

ईको बघितली होती. आमच्या घराकडे येणारी पाणंद दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्याची (दगडी कुंपणाची), आणि विहिरीपाशी काटकोनात वळते. ओम्नी १४१० मिलिमीटर रुंद, ३३७० लांब. ईको १४७५ रुंद आणि ३६७५ लांब. रुंदीचं जमलं असतं, लांबी त्या वळणात बसत नाही. मित्राची ईको आणून प्रत्यक्ष बघितलं. गडगा शेजाऱ्यांचा आणि माझ्या आजोबांच्या काळातला, तो पाडायची गोष्ट मी काढणार नाही. गाडी रस्त्यावर ठेवून पाऊसपाण्यात आईला चालवत आणणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही.

सुरक्षेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर पांघरूण घालणार नाही. ओम्नी आताच्या गाड्यांसारखी धक्का सोसत नाही. आम्ही नियम केलाय: महामार्गावर रात्री नाही, चाळीस-पन्नासच्या वर नाही, पट्टा सगळ्यांना, आणि लांबचा प्रवास एसटीने किंवा रेल्वेने. बाजार, दवाखाना, देऊळ, बाग, एवढंच तिचं जग. पण ज्या गाडीचे पट्टे कुजलेल्या पत्र्यात अडकवलेले होते तिच्यापेक्षा ही कितीतरी बरी, हेही खरं.

तिसरी_सीट

पाणंदीचं माहीत नव्हतं. मग बरोबर केलंत. पट्ट्यांचे बोल्ट नवे घातले ना?

पाणंदवाट

हो, सगळे नवे. पट्टेही नवे.

विलायती_पाऊस

यॉर्कशायरमधून वाचतोय. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, त्यामुळे समुद्रापासून लांब राहूनही गाडी तुमच्या मालवणसारखीच कुजते. माझ्या शेजाऱ्याकडे १९८७ ची फोक्सवॅगन व्हॅन आहे, मागे इंजिनवाली. तिच्या जोडांतून गंज असा फुटतो की दर वर्षी काही ना काही कापून नवं जोडावं लागतं.

नियमांवरून आठवलं. इथे २०२५ पर्यंत गाडीत मोठे बदल केले की ओळख टिकते की नाही हे डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) गुण मोजून ठरवायचं. चॅसी किंवा बॉडीच्या सांगाड्याला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. जुना नंबर ठेवायला किमान ८ गुण लागायचे आणि मूळ सांगाडा हवाच असायचा. सांगाडा बदलायचाच असेल तर त्याच जातीचा नवाकोरा, पावतीसकट. दुसऱ्या गाडीतून काढलेला वापरलेला चालत नसे. म्हणजे तुम्ही केलंत त्यातला तर्क इथेही तोच होता.

पाणंदवाट

फार छान माहिती. दादांना हा गुणांचा हिशेब वाचून दाखवला. इंजिनाला एकच गुण ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "धाव कोण घेता?"

काळी_माती

भाऊ, यवतमाळहून लिहितोय. कोरड्या भागातली गाडी म्हणजे गंज नाहीच, असं धरून कोणी चालू नका. आमच्याकडची काळी माती चाकाच्या कमानीत आतून चिकटते आणि वाळून दगड होते. पाऊस पडला की तीच माती महिनाभर पाणी धरून ठेवते. वरून गाडी झकास, कमानीच्या आतल्या कडेला बोट घातलं की भुगा. गाडी पाहायला जाल तर पाण्याचा पाइप मागून कमानी आधी धुवून घ्या, मगच बघा. धुवू देत नसेल तर समजून जा नं.

पाणंदवाट

हे मला सुचलं नव्हतं. सांगोल्याच्या गाडीत मुरमाड धूळ होती, झटकली की पडली, म्हणून सुटलो. धन्यवाद.

चिरेबंदी

मी देवगडचा. आमच्याकडे मृगाआधी गाडीखाली जळकं ऑइल आणि थोडं रॉकेल फवारायची पद्धत आहे. वडील करायचे, मी करतो. माझी २००३ ची ओम्नी अजून चालतेय. तुम्ही नव्या बॉडीला ते केलंत का? की आजकालचं काळं रबरासारखं कोटिंग?

लेथवाला

जळक्या ऑइलने पत्रा वाचतो हे नाकारत नाही, तेल पाण्याला आडवं येतंच. पण त्याने स्प्रिंगची रबरं, स्टॅबिलायझरचे बुश, ब्रेकचे होज फुगतात आणि मऊ पडतात. ब्रेकच्या ड्रममध्ये थेंब गेला तर ब्रेकच गेला. आणि पहिल्या मोठ्या पावसात ते धुऊन शेतात, विहिरीत जातं.

काळ्या कोटिंगचं उलट. स्वच्छ पत्र्यावर उत्तम, गंजावर मारलं तर विष. त्याच्या आड पाणी अडकतं, वरून काळं कुळकुळीत दिसतं, आत पत्रा संपत जातो. गिऱ्हाईक आनंदात असतं आणि एक दिवस जॅक लावला की जॅक आत.

पाणंदवाट

@चिरेबंदी, लेथवाल्यांनी माझं निम्मं उत्तर दिलं. बाकीचं सांगतो, कारण या सगळ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. बॉडी पूर्ण रिकामी असण्याची वेळ गाडीच्या आयुष्यात परत येत नाही. इंजिन नाही, टाकी नाही, धुरा नाही, तारा बाजूला. तेव्हा जिथे हात पोचतो तिथे नंतर कधी पोचणार नाही. मिस्त्रीला घाई होती, तो रोज विचारायचा इंजिन कधी चढवायचं. मी सहा आठवडे बॉडीवरच घालवले.

आधी पाणी निघायच्या सगळ्या भोकांत तार घालून ती मोकळी केली: दरवाजांच्या खाली, सिलमध्ये, मागच्या दाराच्या कडेला. एकेका दरवाजातून वाटीभर माती निघाली. गाडी कुजायची सुरुवात बहुतेक इथूनच होते. काचेच्या रबरातून पाणी आत उतरतं आणि खालची भोकं बुजलेली असली की दरवाजा हौद होतो. मग खालून धुऊन तीन दिवस उन्हात. जिथे दगड लागून रंग उडालेला आणि लाल पडलेलं तिथे तारेच्या ब्रशने चकचकीत उघड्या पत्र्यापर्यंत घासलं. एकच जागा कापावी लागली, जॅक लावायच्या ठिकाणी चेपलेली, हाताच्या तळव्याएवढी. तिथे कुजलेला पत्रा पूर्ण कापून, चांगल्या कडेला नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडला. वेल्डिंगआधी ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि बॅटरी काढून ठेवा, विसरू नका. मग इपॉक्सी प्रायमर, जोडांना सीलर, रंग, त्यावर खालून पातळ कोटिंग.

सिल आणि मेंबरच्या पोकळीत शेवटी मेण. लांब नळीचा फवारा मिळतो, भोकातून आत घालून मागे ओढत आणायचा. हे रंगाच्या आणि वेल्डिंगच्या नंतरच करायचं, कारण मेणाला ठिणगी लागली तर पेटतं आणि मेणावर रंग धरत नाही. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी भोकं परत तारेने मोकळी केली. ती मेणाने बुजली तर सगळं मुसळ केरात.

चिरेबंदी

दरवाजाची भोकं आत्ताच जाऊन बघितली. चारातली तीन बंद. तार घातल्यावर काळं पाणी आलं, पाऊस गेल्याला एवढे महिने झाले तरी. तुमचे उपकार.

इंजिन हलवण्याचं लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पाणंदवाट

ते कामच मुळात सरळ आहे, म्हणून थोडक्यात. पुढच्या सीटा आणि खालचं झाकण काढलं, वायर, पाइप, केबल सुटे केले, प्रत्येकाला कापडी पट्टी बांधून पेनाने नंबर. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र खालून उतरवलं, बॉडी चेनब्लॉकने वर. मागचा धुरा पाट्यांसकट बाहेर. शॅकलच्या (पाट्याचं टोक हँगरला जोडणाऱ्या दुव्याच्या) पिना गंजून एकजीव झालेल्या, त्या ग्राइंडरने कापल्या, नव्या पिना आणि नवे रबर बुश घातले. बुशचे नट आधी हातघट्टच ठेवायचे आणि गाडी चाकांवर उभी राहून तिचं वजन बसलं की मगच आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि वर्षभरात फाटतं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस नवे. ब्रेकचे लोखंडी पाइप दोन्ही गाड्यांतले फेकून नवेच टाकले, होजही. ब्रेकच्या पाइपात काटकसर करू नये.

वायरिंग मात्र सांगोल्याचंच ठेवलं, ईसीएमसकट. आमच्या गाडीतले कनेक्टर उघडले तर आत हिरवा-निळा गंज. तिथलं तांबं अजून चकचकीत. दोन्ही एमपीआय असल्याने इंजिनाचे सेन्सर जुळले. कार्ब्युरेटरवाल्या बॉडीत एमपीआय इंजिन घालायचं ठरवलंत तर टाकीतला पंप, वायरिंग, सगळंच बदलावं लागेल. त्या वाटेला जाऊ नका, वर्ष आणि प्रकार जुळवूनच बॉडी घ्या.

आणि आता ज्याने आठ दिवस झोप घालवली ते. सगळं जोडलं, दादांना बोलावलं, चावी फिरवली. स्टार्टर कण्हला, हेडलाइट मंदावली, इंजिन उठेना. बॅटरी बदलून बघितली. स्टार्टर उघडला, साफ केला, परत लावला. कसंबसं सुरू झालं तर पुढच्या पॅनेलवर चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. मिस्त्री म्हणाला, ईसीएम गेलं. मी हबकलो, पैसे जवळजवळ संपले होते.

शेवटी एका जुन्या वायरमनने येऊन पाच मिनिटांत काम केलं. जंपरची जाड केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट गिअरबॉक्सच्या उघड्या लोखंडाला. चावी फिरवली, अर्ध्या फेरीत इंजिन सुरू. अर्थिंग! मी बॉडीला एवढ्या प्रेमाने इपॉक्सी प्रायमर मारला होता की अर्थच्या प्रत्येक बोल्टखाली रंगाचा थर. रंग वीज जाऊ देत नाही. स्टार्टरला लागणारा मोठा प्रवाह परतीची वाट नसल्याने अडत होता आणि सेन्सरांचे आकडेही त्यामुळे डळमळत होते. सगळे अर्थ पॉइंट नाण्याएवढे घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातले, आवळल्यावर वरून व्हॅसलिन. तेव्हापासून एकही तक्रार नाही. रंगकाम कराल तेव्हा अर्थच्या जागांवर आधीच चिकटपट्टी लावा.

लेथवाला

अर्थिंगचं वाचून हसू नाही, जुने घाव आठवले. नव्या रंगाच्या गाडीत पहिला संशय नेहमी अर्थचाच घ्यायचा, हे मी पोरांना शिकवतो. एकूण हिशेब किती गेला ते सांगाल का? लोकांना अंदाज येईल.

पाणंदवाट

गाडी अठ्ठेचाळीस, भाडं बारा. बॉडीचं काम, रंग, मेण, सीलर मिळून एकतीस. रबरं, बुश, पिना, ब्रेक पाइप, होज, पट्टे, तेलं यात सव्वीस. मिस्त्रीची मजुरी अठरा. कागदपत्रं आणि हेलपाटे नऊच्या आसपास. एक लाख चव्वेचाळीस हजार, आणि माझे पाच महिन्यांचे शनिवार-रविवार. डेंटरच्या सत्तर हजारांच्या दुप्पट झालं हे खरं. पण त्या सत्तरात दोन पावसाळे होते.

काळी_माती

जुन्या बॉडीचं काय केलं मंग?

पाणंदवाट

अजून मांगरात आहे. तिची नोंदणी रद्द करायचा अर्ज दिलाय आणि ती भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला देतोय. ते गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) देतात आणि कागदावर गाडी संपते. भंगारात गेलेल्या बॉडीचा नंबर कुठे कुठे फिरतो हे सांगायला नको. बुधवारी त्यांची गाडी येणार आहे.

तिच्यातून दादांनी स्वतः एक वस्तू काढली, सरकत्या दाराचं आतलं हँडल. अठरा वर्षं नातवंडांनी धरून धरून त्याचा काळा रंग गेलाय. ते नव्या गाडीला लावलंय.

चिरेबंदी

पाणंदवाट, माझी २००३ ची तपासायची झाली तर पहिला हात कुठे लावू? खाली वाकायला आता मलाही जड जातं, पण मुलगा येईल बरोबर.

पाणंदवाट

वाकण्याआधी वरूनच सुरुवात करा. पुढची मॅट पूर्ण काढा, नुसती उचलून बघू नका. मग सरकत्या दाराची खालची पट्टी, पूर्ण लांबी. मग मागच्या सीटच्या पट्ट्यांचे नट हाताने हलवून. हे तिन्ही ठीक असतील तर मुलाला खाली पाठवा, स्प्रिंगचे पुढचे आणि मागचे हँगर बघायला, चारही. गाडी जॅकवर नुसती ठेवून कोणी खाली जाऊ नका, स्टँड किंवा जाड फळ्या लावा, आणि स्टँड लावायच्या जागेचा पत्रा आधी ठोकून आवाज ऐका. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला बद्द वाजतो.

आणि जमलं तर बुधवारच्या आत इकडे या. फाटलेला हँगर फोटोत कळत नाही. हातात धरून बघितलात तर आपल्या गाडीत काय शोधायचं ते लगेच समजेल.

चिरेबंदी

मंगळवारी सकाळी निघतो. मुलाला रजा काढायला सांगितलंय.

पाणंदवाट

या. जेवूनच जायचं. तुमची ओम्नीच घेऊन या, मांगरात रॅम्प आहे, तिथेच चढवून बघू. पाणंदीच्या वळणावर विहिरीच्या बाजूने हॉर्न द्या, दादा बाहेर येतील.